मुलांकडून अपेक्षाच ठेवू नये का?

"मोठे ध्येय ठेवले तर मुलांवर ताण येतो, न ठेवले तर ती अभ्यासच सोडून देतात, मग आम्ही अपेक्षा ठेवायची की नाही?" दहावी-बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या काळात पालक मला हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारतात. त्याचे उत्तर मला ज्या मुलीमुळे नीट उमगले, तिची हकीकत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि तिला आपण ऋतुजा म्हणू.

ऋतुजा 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करण्यासाठी लातूरला वसतिगृहात राहत होती. टेबलासमोरच्या भिंतीवर तिने '650' असा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून लावला होता. दर रविवारी क्लासची टेस्ट होत असे आणि संध्याकाळी गावाहून बाबांचा फोन येई. पहिला प्रश्न ठरलेला : "किती आले?" गुण 470 ते 490 च्या पुढे सरकत नव्हते. झोप उडाली होती आणि शनिवारी रात्री पोटात दुखू लागले होते.

सुरुवातीला मी बाबांना सांगितले की काही दिवस गुण विचारू नका, आणि तिला म्हटले की जेवढे जमेल तेवढे कर. त्या वेळी तो सल्ला मला योग्य वाटला होता. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा गुण आणखी घसरले होते. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "बाबा आता काहीच विचारत नाहीत मॅडम. त्यांनी माझी आशा सोडली."

हे वाक्य मला फार लागले. बाबांनी काळजीपोटी मौन पाळले होते, पण मुलीने त्या मौनाचा अर्थ 'हिच्याकडून होणार नाही' असा लावला. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची येथे आठवण होते. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत त्यांनी सुमारे 20 टक्के मुले केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि ही मुले यंदा चांगली प्रगती करतील असे शिक्षकांना सांगितले. वर्षअखेरीस, विशेषतः खालच्या वर्गांत, त्या मुलांचे बुद्ध्यांक इतरांपेक्षा अधिक वाढलेले आढळले. हा परिणाम किती मोठा, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरीही दुसऱ्याची अपेक्षा आपल्यापर्यंत केवळ शब्दांतून येत नाही, ती वागण्यातून आणि कधी गप्प राहण्यातूनही पोहोचते, हे मी माझ्यासमोरच पाहत होते.

'जेवढे जमेल तेवढे कर' हा माझा सल्लाही तपासून पाहणे भाग होते. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून असे दिसले आहे की नेमके आणि कठीण ध्येय समोर असलेली माणसे 'जमेल तेवढे करा' असे सांगितलेल्यांपेक्षा सरस काम करतात. मात्र ते ध्येय त्यांनी मनापासून स्वीकारलेले असावे, त्यासाठी लागणारी क्षमता त्यांच्याकडे असावी आणि आपण कोठवर आलो हे त्यांना कळत राहावे. काम गुंतागुंतीचे असेल आणि कौशल्य अजून पुरते हाती आलेले नसेल, तर अंतिम आकड्यापेक्षा काय शिकायचे याचे ध्येय अधिक उपयोगी पडते.

मग आम्ही दोघींनी भिंतीवरचा आकडाच हिशेबाला घेतला. पेपर 720 गुणांचा, प्रश्न 180, बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा. सगळे प्रश्न सोडवून 650 मिळवायचे तर 14 पेक्षा अधिक उत्तरे चुकता कामा नयेत. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वीस-पंचवीस प्रश्नांतच तिला तेवढ्या शंका येत असत. तेथेच 650 हातचे गेले असे तिला वाटे, आणि उरलेला पेपर ती भरपाई करण्यासाठी अंदाजाने सोडवत असे. एका टेस्टमध्ये भौतिकशास्त्राच्या 45 पैकी 38 प्रश्न तिने सोडवले होते; 20 बरोबर, 18 चूक, म्हणजे 62 गुण.

650 चा कागद आम्ही काढला नाही, कारण डॉक्टर होण्याची इच्छा तिची स्वतःची होती. त्याच्या खाली दर आठवड्याचे एक ध्येय आले. रविवारच्या टेस्टमधील प्रत्येक चुकीचे उत्तर एका वहीत उतरवायचे आणि त्यापुढे 1, 2 किंवा 3 लिहायचे : संकल्पना कळलीच नव्हती, घाईत चुकले, किंवा अंदाजाने लिहिले. पुढच्या टेस्टमध्ये तिसऱ्या प्रकारच्या चुका भौतिकशास्त्रात पाचांच्या आत आणायच्या. पहिल्या दोन आठवड्यांत हे जमले नाही, कारण प्रश्न कोरा सोडताना तिचा हात अडखळत असे. पाचव्या आठवड्यात तिने 30 प्रश्न सोडवले. 22 बरोबर, 8 चूक, 80 गुण. आठ प्रश्न कमी सोडवून अठरा गुण वाढलेले पाहून तिने तो हिशेब मला दोनदा करून दाखवला.

बाबांना मी पुन्हा बोलावले. फोन करा, विचारा, पण वहीबद्दल विचारा, असे सांगितले. "मला त्यातले काय कळणार?" असे ते म्हणाले. वहीतील तीन आकड्यांचा अर्थ कळायला त्यांना दहा मिनिटे लागली. पुढच्या रविवारपासून फोनवर वही उघडली जाऊ लागली आणि गुण ती आपणहून सांगू लागली. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत तिचे गुण 540 च्या आसपास स्थिरावले. शनिवारची पोटदुखी कमी झाली, पूर्ण गेली नाही.

परीक्षेच्या दिवशी बाबा केंद्राच्या फाटकाबाहेर उभे होते. ती बाहेर आल्यावर त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, "तीन नंबरवाले किती लिहिलेस?"

"चार, बाबा. बाकीचे सोडले."