इंदूरहून मांडू एका दिवसात बघून होतं का, की मुक्काम करावा?

होतं आरामात, फक्त इंदूरहून सकाळी सातच्या आत निघा, धारमार्गे साधारण शंभर किलोमीटर आहे. मी इंदूरचाच, त्यामुळे पाहुणे आले की मांडू ठरलेलंच. आधी जहाज महाल करा, दोन तलावांच्या मधे आहे, पाऊस झालेला असेल तर खरंच पाण्यात उभा वाटतो. मग गावातली जामी मशीद आणि होशंगशहाची संगमरवरी कबर, तिच्या दाराशी १६५९ सालचा शिलालेख आहे, मोगलांच्या स्थापत्यकारांनी येऊन ही कबर पाहिल्याचा, तो चुकवू नका. रूपमती मंडप शेवटी ठेवा कारण तिथून खाली निमाडची शेतं आणि हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघ दिसते. रस्त्यात गोरखचिंचेची झाडं दिसतील, बुंधा प्रचंड जाड, तिची मखमली कवचाची फळं तिथेच विकायला असतात, आतला पांढरा गर आंबट लागतो, नक्की खाऊन बघा. जेवायला दाल पानिये, म्हणजे डाळ आणि पानांत ठेवून भाजलेले मक्याच्या पिठाचे पानिये. फक्त एक, पावसाळ्यात मांडू सगळ्यात सुंदर असलं तरी शनिवार-रविवारी घाटात ट्रॅफिक लागतं आणि धुक्यात मंडपावरून काहीच दिसत नाही, तेव्हा जाणार असाल तर मधल्या वारी जा किंवा एक रात्र रहाच.