सगळं चांगलं, तरी मासे का खंगतात?

"सर, पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे, खाद्यही महागाचं आहे, तरी मासे खंगतायत. कोणती अँटिऑक्सिडंट पावडर घालू?" कार्प जातीचे मासे पाळणारे बरेच जण मला हेच विचारतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी पेशींची झीज रोखणारा पदार्थ. पावडरकडे मी शेवटी वळतो.

एका संवर्धकांच्या कार्पच्या पाठी झिजल्या होत्या, यकृत पिवळट-तपकिरी पडलं होतं.

"ऑक्सिजन कधी मोजता?"

"दुपारी तीनला. सात-आठ येतो."

"आणि पहाटे?"

"पहाटे कधी मोजला नाही."

दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तेच तो वापरतं. त्यामुळे खरा आकडा सूर्योदयाआधीचा. त्यांच्याकडे तो लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली निघाला. रोज गुदमरणं आणि मग एकदम भरपूर ऑक्सिजन, या चढउतारात पेशींत सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप वाढतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ते पुढे कॅटलेज आणि सेलेनियम या खनिजावर चालणारं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं संपवतात. ही यंत्रणा कमी पडली की पहिला घाव पेशीपटलावर बसतो, कारण माशाच्या पटलात ओमेगा-3 स्निग्धाम्लं भरपूर असतात आणि ती चटकन ऑक्सिडाइझ होतात.

मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवल्यावर पहाटेचा आकडा 4 च्या वर राहू लागला. पाठी मात्र भरेनात.

"खाद्याच्या गोळीवर वरून काही लावता का?"

"माशाचं तेल."

"डबा कधी फोडलाय?"

"झाले बरेच महिने. वास येतो थोडा. पण खाद्यात व्हिटॅमिन ई आहे ना, सर? पोत्यावर लिहिलंय."

इथेच गाठ सुटली. पोत्यावरचं ई बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. या रूपात ते स्वतः टिकतं, पण तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही. माशाच्या आतड्यात ॲसिटेट सुटल्यावरच ते कामाला लागतं. तोवर खवट तेलातले पेरॉक्साइड पोटात पोचलेले असतात आणि ई त्यांच्यावरच खर्ची पडतं. जपानमध्ये रेशीमकिड्यांचे खवट प्युपे (कोषातले किडे) खाल्लेल्या कार्पच्या पाठीचे स्नायू असेच झिजायचे. त्या रोगाला 'सेकोके' म्हणतात आणि तो व्हिटॅमिन ई देऊन टळतो.

मी नेहमी आधी हल्ला थांबवायला सांगतो, बचावाचं नंतर बघू. वास येणारं तेल सरळ बाद. नवं तेल लहान डब्यांत, काठोकाठ भरून, अंधारात आणि गारव्यात ठेवायचं. त्यात तेलासाठीचं अँटिऑक्सिडंट घातलेलं आहे ना, हे विकत घेतानाच विचारायचं. खाद्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, आणि तीन महिन्यांत संपतील एवढीच.

मग जीवनसत्त्वं. कार्पला किलो खाद्यामागे 100 मिलिग्रॅम ई पुरतं. वापरलं गेलेलं ई पुन्हा ताजं करायला व्हिटॅमिन सी लागतं आणि बहुतेक मासे ते स्वतः बनवू शकत नाहीत. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे सी, गोळी बनवतानाच्या उष्णतेत आणि साठवणीत बरंचसं नष्ट होतं, म्हणून ॲस्कॉर्बिल फॉस्फेट हे सीचं टिकाऊ रूप असलेलंच खाद्य घ्या.

सेलेनियम मात्र घरी मिसळू नका. रेनबो ट्राउट या माशाची गरज किलो खाद्यामागे 0.15 ते 0.38 मिलिग्रॅम, आणि 13 मिलिग्रॅमला ते विषारी ठरलेलं आहे. वजनकाट्यावरची बारीकशी चूकही मासे मारायला पुरेशी आहे.