फ्रॅटर्निटीत गेला म्हणून ग्रेड्स घसरले का?

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांतून फॉलचे ग्रेड्स लागले की हाच फोन येतो, "ताई, पोरगा फ्रॅटर्निटीत गेला आणि वाया गेला." मुलींचे आईबाबा सोरॉरिटीबद्दल अगदी हेच बोलतात. (फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची, सोरॉरिटी म्हणजे मुलींची, निवडून मेंबर घेणारी संघटना.) असाच सेकंड इयरचा एकजण आईबाबांबरोबर आला होता (ओळख पटेल असं सगळं बदललंय), जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) 3.4 वरून 2.6. बाबांचं एकच, "आधी त्याला तिथून बाहेर काढा."

मी त्याला फोनमधलं कॅलेंडर उघडायला लावलं. प्लेजिंगचे, म्हणजे नव्या मेंबरच्या उमेदवारीचे आठवडे, जवळजवळ रोज रात्री मीटिंग नाहीतर नव्या मेंबरची कामं, आणि सकाळी आठला ऑरगॅनिक केमिस्ट्री! बाबा लगेच म्हणाले, बघा. मी विचारलं, "मिडटर्म गेली ते तुझ्या 'बिग'ला, तिथल्या सीनियर दादाला, सांगितलंस?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "नाही, त्याला ऑरगॅनिकमध्ये ए होता, त्याला वाटलं असतं उगाच घेतलं ह्याला."

"आणि घरी?"

"घरी तर शक्यच नाही."

इतका वेळ मांडीवर घट्ट धरलेली पर्स आईने बाजूला ठेवली, "अरे, मला तरी..."

मी अ‍ॅडलरला (आपलेपणाच्या गरजेला फार महत्त्व देणारा मानसोपचारतज्ज्ञ) मानणारी. जिथे आपलं म्हणून घ्यावं असं फार वाटतं तिथेच मुलं अपयश लपवतात, आणि हा दोन्ही घरांत लपवत होता. त्या रात्रीच त्याने बिगला मेसेज केला, पुढच्या सेमिस्टरला दोघं रविवारी लायब्ररीत बसायला लागले. ही वाट मला सापडली याचं मला आजही समाधान आहे.

ग्रेड्सवर परिणाम होतो हे खरंच आहे. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात फ्रॅटर्निटीमुळे जीपीए साधारण 0.25 ने कमी आणि पुढे कमाई साधारण 36 टक्के जास्त असं निघालं होतं. "आमच्या चॅप्टरचा जीपीए कॉलेजपेक्षा वर" (चॅप्टर म्हणजे फ्रॅटर्निटीची त्या कॉलेजातली शाखा) यावर मात्र विसंबू नका, कमी जीपीएवाल्यांना बऱ्याच ठिकाणी आतच घेत नाहीत. त्यापेक्षा नव्या मेंबरांचा प्लेजिंगच्या सेमिस्टरचा जीपीए विचारा, आणि अवघड कोर्स त्याच सेमिस्टरला घेऊ देऊ नका. कॉलेज ग्रेड्स सहसा मुलाच्या संमतीशिवाय घरी कळवत नाही, त्यामुळे तुम्हाला कळणार ते त्याने सांगितलं तरच, म्हणून "फी बंद करतो" हे वाक्य तेवढं तोंडातून काढू नका.