जखम भरली, तरी रस्त्यावर उभे राहवत नाही

“पाय बरा झाला, डॉक्टरांनी कामावर जायला सांगितले, तरी हायवेवर उभे राहायचे म्हटले की हातपाय गळतात. मी कामचुकार झालो का?” पुणे–सातारा महामार्गाच्या दुभाजकातील झाडे छाटणाऱ्या एका कंत्राटी कामगाराचा हा प्रश्न होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले होते आणि नडगीत रॉड घालावा लागला होता.

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसताना ते खुर्ची दाराकडे वळवून घेत आणि बाहेर हॉर्न वाजला की वाक्य अर्धवट टाकून मागे पाहत. दचकून जाग येणे, अपघाताची जागा टाळणे, सतत सावध राहणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजच्या जगण्याच्या आड येत असतील, तर आघातोत्तर तणाव विकाराची (भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची, पीटीएसडीची) तपासणी करून घ्यावी लागते; तो भित्रेपणाही नव्हे आणि मुकादम म्हणत होता तसे नाटकही नव्हे. मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारांसोबत आम्ही पायरीपायरीने सराव सुरू केला. आधी भावासोबत हायवेलगतच्या टपरीवर बसायचे, पुढे सेवा रस्त्याने चालायचे आणि धडधड वाढली तरी ती ओसरेपर्यंत तेथून निघायचे नाही.

मात्र त्यांची सगळीच भीती आजारातून आलेली नव्हती. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते आणि त्या दिवशी या माणसाच्या पाठीशी फक्त एक लाल फडके होते. बऱ्याच आधी लावलेले सूचनाफलक, शंकूंची तिरपी रांग आणि मागे इशारादिवे लावून उभे केलेले वाहन नसताना कामगाराला ‘धीर’ देऊन पुन्हा त्याच जागी उभे करणे मला मान्य नाही. त्यांच्या संमतीने मी ठेकेदाराला तसे लेखी कळवले आणि ही व्यवस्था होईपर्यंत त्यांना रोपवाटिकेत काम मिळाले.

झोप उडण्यामागे पैशांचाही घोर होता. अशा इजेची भरपाई मालकाकडून किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत मागता येते. मात्र दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा. पात्र कामगारांना तो मोफत मिळतो. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.