रेलिंग बारच्या मागच्या दारापाशीच का संपतं?

मी समुपदेशक. गेल्या सात-आठ वर्षांत पनवेलच्या बाजूच्या ऑर्केस्ट्रा बारमधे (म्हणजे लाइव्ह गाण्याच्या परवान्यावर चालणाऱ्या बारमधे) काम करणाऱ्या बऱ्याच मुली माझ्याकडे येऊन गेल्या, आणि जवळपास प्रत्येकीचं पहिलं वाक्य तेच, ताई काम सोडता येत नाही पण भीती वाटते, काय करू. पहिल्या मुलीला मी शिवणक्लास सुचवला होता. ती गोड हसली आणि परत आलीच नाही. तेव्हापासून काम सोड हे वाक्य मी माझ्या तोंडातून काढून टाकलंय. २००५ ची डान्स बारवरची बंदी, २००६ ला हायकोर्टाने ती उठवली, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला, मग २०१६ चा नवा कायदा, २०१९ ला त्यातल्या बऱ्याच अटी कोर्टाने काढल्या... एवढं सगळं होऊनही या बायका काम करतायतच, मग सांभाळून कसं करायचं यावर कोणीतरी बोलायला नको का?

ही सीमाची गोष्ट. नाव बदललंय, दोन-तीन जणींचे तपशीलही एकत्र केलेत. वय २९, आई आणि सातवीतला मुलगा घरी, त्यांना माहिती एवढीच की ही हॉटेलात कॅशियर आहे. परवाना ऑर्केस्ट्राचा, कागदावर ती गायिका, गाणं मात्र दुसरीच म्हणायची. एक रेग्युलर कस्टमर सहा महिने यायचा, टिप चांगली द्यायचा, हिने नंबर दिला. मग रात्री दोनला फोन, मग बाहेर बाईक घेऊन उभा, आणि शेवटी धमकी की फ्लोअरवरचा व्हिडिओ पोराच्या शाळेत पाठवीन.

"मग नंबर ब्लॉक का नाही केलास?"

"एवढे पैसे देतो ताई, त्याला दुखवताच येत नाही."

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारी, म्हणजे माणसाच्या मनातले हट्टी 'च' शोधून तपासणारी, त्यामुळे 'दुखवताच'मधला हा 'च' मला लांबून ऐकू येतो. पण तिसऱ्या भेटीपर्यंत तो तिला ऐकू येत नव्हता, माझं समजावणं फुकट जात होतं. मग मी उलटं विचारलं.

"सगळ्यात कमी भीती कुठे वाटते?"

तिने क्षणभर विचार केला. "फ्लोअरवर."

मी चाट. चाळीस दारू प्यायलेले पुरुष समोर आणि तिथे भीती कमी?

"तिथे रेलिंग आहे ना. कोणी पुढे आला तर बाउन्सर आहे, स्टीवर्ड बघतोय. आणि तिथे मी सीमा नसते, मुस्कान असते. मुस्कान किती हसणार, किती जवळ जाणार, सगळं ठरलेलं."

"बार बंद झाल्यावर मुस्कान कुठे जाते?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. मी मुद्दाम गप्प राहिले (वीस वर्षांत एवढं एक मला खरंच जमायला लागलंय). मग म्हणाली, "माझ्यासोबत घरी येते. फोनमधून."

मला त्या दिवशी काय कळलं सांगू, या मुलींना हद्द आखायला शिकवायची गरजच नाही, ती कला त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येते. फक्त त्यांचं रेलिंग मागच्या दारापाशी संपतं. आणि तिथून पुढे त्रास द्यायला अनोळखी माणूस येत नाही, 'तो वेगळाय' वाटलेला रेग्युलर येतो.

मग आम्ही दोघींनी बसून रेलिंग पुढे वाढवलं. कामासाठी वेगळा फोन आणि वेगळं सिम, त्यावर ना खरं नाव ना घरचा फोटो, आणि तो घरी पोचायच्या आत बंद. निघताना दोघी-तिघी मिळून, रोज तीच रिक्षा नाही, एका मैत्रिणीला लोकेशन. आपल्यासमोर न फोडलेली बाटली प्यायची नाही, बाहेरच्या 'पार्टी'ला एकटीने नाही, आणि मोठी भेटवस्तू घ्यायची नाही कारण साडीच्या मागे हक्क येतो. बारमालकाकडून लेखी करार आणि पैसे बँकेत मागायचे, २०१९ च्या निकालाने डान्स बारसाठी ही अट ठेवलीय. रेड पडली तर न वाचता सही नाही. सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करता येत नाही, अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, हे तिला माहीतच नव्हतं. मालकानेच हात टाकला तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळासाठी असलेल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार होते, तेही नव्हतं. (जिला जबरदस्तीने आणलंय किंवा जी अठराच्या आतली आहे तिच्याबाबतीत हे काहीच लागू नाही, तिथे आधी ११२ आणि सुटका.)

राहिला तो बाईकवाला. त्याला एकच मेसेज, पुन्हा संपर्क करू नको, पुढे वाद नाही, उत्तर नाही. त्याचे मेसेज डिलीट न करता स्क्रीनशॉट. स्पष्ट नाही म्हटल्यावरही मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हाय, कलम ७८. पोलिस आपल्यालाच बोलतील ही तिची भीती काही खोटी नव्हती, म्हणून एकटी पाठवली नाही. बाईला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. वकीलबाई सोबत गेल्या, तक्रार लिहून घेतली गेली.

पण धमकीतला खरा दम घरातल्या गुपितात होता. ते मी तिला सांगितलं नाही, तिनेच ओळखलं आणि एका रात्री आईला सगळं सांगून टाकलं. आई म्हणे मला कधीचं माहितीये, कॅशियरच्या पायाला एवढी सूज येत नाही. सांगताना सीमा हसत होती आणि रडतही होती. मुलाला अजून सांगितलेलं नाही, घाई नाही म्हणाली, मलाही पटलं. बाईकवाला दोन महिने कुठेकुठे दिसत राहिला, मग दिसेनासा झाला.

शेवटच्या भेटीला निघताना ती दारात थांबली. "ताई, रात्री आठपर्यंत एकट्या बसता आणि दाराला साखळी नाही तुमच्या?"

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं.