लोकेशनला दोन स्टार दिले म्हणून पाहुण्यावर दावा लावता येईल का?

प्रश्न : माझं एक लहान घर मी पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देते. आतापर्यंत २० रिव्ह्यू होते, सरासरी ४.८५. परवा एका पाहुण्याने स्वच्छता, चेक-इन, संवाद या सगळ्यांना ५ स्टार दिले. पण लोकेशनला २ आणि एकूण रेटिंग ३. सोबत लिहिलं : ‘घर सुंदर, पण अगदी कोपऱ्यात. रात्रभर ट्रकचा आवाज. किनारा १० मिनिटांवर म्हणतात, चालत अर्धा तास लागला. गेल्या महिन्यात या घरात चोरी झाल्याचं शेजारी सांगतात, मालकिणीने ते लपवलं.’ घर कुठे आहे हे नकाशावर दिसतं. ते उचलून दुसरीकडे नेणं माझ्या हातात नाही. चोरीची गोष्ट तर धडधडीत खोटी आहे. पाहुण्याला आणि वेबसाइटला अब्रूनुकसानीची नोटीस पाठवावी का? आणि यापुढे ‘लोकेशनला रेटिंग देऊ नये’ अशी अट घराच्या नियमांत घालता येईल का?

उत्तर : नोटीस पाठवायचीच झाली तर ती रिव्ह्यूच्या शेवटच्या वाक्यापुरती पाठवता येईल. स्टार, कोपरा, ट्रक आणि अर्धा तास यांवर कोर्टात काही उभं राहणार नाही. उलट त्यातला अर्धा तास तुमच्यावरच उलटू शकतो.

आधी स्टारबद्दल. २ स्टार हे मत आहे, आणि मत खरं किंवा खोटं ठरवता येत नाही. ‘जागा कोपऱ्यात आहे’ हेही तसंच. पाहुणा तिथे राहिला, त्याने पैसे मोजले, त्याला जे वाटलं ते त्याने लिहिलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (पूर्वीच्या दंडसंहितेचं ४९९ आणि ५००) सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला आणि इतरांच्या भल्यासाठी दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेला स्पष्ट अपवाद आहेत. दिवाणी दाव्यातही प्रामाणिक टीका हा मान्य बचाव आहे.

‘जागा मी हलवू शकत नाही’ हा तुमचा मुद्दा समजण्यासारखा आहे, पण लोकेशनचं रेटिंग तुमच्या कष्टांचं मोजमाप नसतंच. ते पुढच्या पाहुण्यासाठी माहिती म्हणून असतं. एअरबीएनबीसारख्या (घरं रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देणाऱ्या वेबसाइटच्या) मंचावर स्वच्छता, अचूकता, चेक-इन, संवाद, लोकेशन आणि मोबदला अशा सहा बाबींना वेगवेगळे स्टार असतात. परिसर, अंतर, वाहतूक, आवाज यांची कल्पना पाहुण्याला आधी दिली होती का, हाही लोकेशनच्या स्टारमागचा एक प्रश्न असतो. म्हणजे जागा नाही, तरी जागेचं वर्णन तुमच्या हातात आहे. तेवढ्यापुरतं हे रेटिंग मला न्याय्य वाटतं.

अन्याय दुसरीकडे आहे. एअरबीएनबीवर एकूण रेटिंग ही सहा बाबींची सरासरी नसते. पाहुणा ते स्वतंत्र देतो. जागा लांब म्हणून भाडं कमी, भाडं कमी म्हणून त्याने तुमचं घर निवडलं, आणि मग लांब म्हणून एकूण रेटिंगमधूनही स्टार कापले. एकाच गोष्टीची वजाबाकी दोनदा झाली. तुमचं नुकसान या दुसऱ्या वजाबाकीने केलं आहे. २० रिव्ह्यूंचे ९७ स्टार होते. त्यात ३ मिळवून २१ ने भागलं की ४.७६ येतात. सुपरहोस्टसाठी (चांगल्या यजमानांना मंच देतो तो दर्जा) किमान ४.८ लागतात आणि ते एकूण रेटिंगवर मोजतात, लोकेशनच्या स्टारवर नाही. यापुढचे सलग चार रिव्ह्यू ५ स्टारचे आले की बरोबर ४.८ भरतील. चार बुकिंगचं काम आहे हे. दाव्याची पहिली तारीख लागेपर्यंत ते होऊन गेलेलं असेल.

आता १० मिनिटांचं. तुमच्या लिस्टिंगमध्ये ‘किनारा १० मिनिटांवर’ एवढंच असेल आणि गाडीने की पायी हे लिहिलेलं नसेल, तर पाहुण्याची तक्रार बरोबर आहे. माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो, म्हणजे १० मिनिटांत जेमतेम ८०० मीटर. त्याला अर्धा तास लागला असेल तर अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास असणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेबद्दल दिशाभूल करणारं वर्णन आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं या दोन्ही गोष्टी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत येतात. तुम्ही नोटीस पाठवली की समोरचा वकील पहिल्यांदा तुमच्या लिस्टिंगची प्रत काढेल. नकाशावरही फार विसंबू नका. बुकिंग होईपर्यंत पाहुण्याला बहुधा नेमकी खूण न दिसता अंदाजे वर्तुळ दिसतं, आणि वर्तुळावरून ट्रकचा रस्ता खिडकीखाली आहे की दोन गल्ल्या सोडून, हे कळत नाही.

राहिली चोरी. ‘या घरात चोरी झाली’ हे तथ्याचं विधान आहे. ते खरं असेल किंवा खोटं. नुसतं एवढंच असतं तर त्यात तुमची अब्रू गेली असं म्हणता आलं नसतं, कारण चोरी कुणाच्याही घरी होते. ‘मालकिणीने लपवलं’ हे शब्द मात्र थेट तुमच्या प्रामाणिकपणावर येतात. ‘शेजारी सांगतात’ म्हटल्याने पाहुण्याची सुटका होत नाही. ऐकीव बदनामी पुढे पसरवणाराही जबाबदार असतो. दिवाणी दाव्यात विधान खरं असल्याचं सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येईल. तरीही चोरी झाली नाही हे दाखवणारा पुरावा तुमच्या हाती असू द्या : त्या महिन्यात राहून गेलेल्या पाहुण्यांचे संदेश आणि रिव्ह्यू, शेजाऱ्यांची लेखी निवेदनं. शेजाऱ्यांशी मात्र शांतपणे बोला. चोरी पलीकडच्या घरात झाली असेल आणि पाहुण्याने घरांची गफलत केली असेल, असंही निघू शकतं. तसं निघालं तर प्रकरण एका दुरुस्तीत संपेल.

पुरावा आजच गोठवा. रिव्ह्यूचा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, त्या पानाचा पत्ता, तारीख, बुकिंगची पावती, आणि मुख्य म्हणजे बुकिंगच्या दिवशी लिस्टिंगमध्ये जे होतं त्याची प्रत. लिस्टिंग आधी दुरुस्त करून नंतर प्रत काढायची चूक बरेच जण करतात. मग जुना मजकूर काय होता यावरच वाद होतो. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जरा जरी बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-क्रमांक) नोंदवावी लागते. म्हणून मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवर पाठवून बदललेली नको.

मुदत लक्षात ठेवा. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्ष मिळतं. रिव्ह्यू अजून दिसतोय म्हणून हे वर्ष रोज नव्याने सुरू होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इंटरनेटवरच्या मजकुराबाबत तसं स्पष्ट केलं आहे. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं आहेत, पण पोलिस ठाण्यात जाऊन उपयोग नाही. गुन्हा अदखलपात्र आहे, तक्रार तुम्हालाच दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी खटले चालवण्याच्या पद्धतीचा कायदा) दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. एका रिव्ह्यूसाठी हा रस्ता घेऊ नये असं माझं मत आहे.

वेबसाइटला नोटीस पाठवून फारसं काही होणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे तिला संरक्षण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालानुसार (२०१५) ते संरक्षण जाण्यासाठी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. तुमचं पत्र पुरत नाही. त्यापेक्षा तक्रार करा : आधी मंचाच्या रिव्ह्यूविषयक यंत्रणेत, मग माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्याने २४ तासांत पोच द्यायची असते, आणि निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. तक्रारीत फक्त चोरीचं वाक्य उद्धृत करा आणि त्यालाच पुरावा जोडा. सगळा रिव्ह्यू आणि वर स्टारही काढा असं लिहिलं, की ‘हा पाहुण्याचा अनुभव आहे’ या एका ओळीत तक्रार निकाली निघते.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा, तो सहसा कुणी विचारत नाही : लोकेशनचं रेटिंग शोधातल्या क्रमावर परिणाम करतं का? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे मंचाने क्रमवारीचे मुख्य निकष आणि त्यांचं सापेक्ष महत्त्व सोप्या भाषेत जाहीर करायचं असतं. नियम ‘विक्रेत्यां’च्या क्रमवारीबद्दल बोलतो, पण त्या शब्दात सेवा देणारेही येतात, म्हणजे तुम्हीही.

‘लोकेशनला रेटिंग देऊ नये’ ही अट घालू नका. दंडाची जोड दिलीत तर ती अन्याय्य कराराच्या व्याख्येत जाऊ शकते. अमेरिकेत तर अशा छापील अटी २०१६ च्या कायद्याने निरर्थकच ठरवल्या आहेत. पुढच्या बुकिंगला सूट देतो, रिव्ह्यू बदला, असंही सुचवू नका. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात काही देऊ करणं मंचांच्या नियमांत बसत नाही आणि तो संदेश कायम तुमच्या विरुद्ध पुरावा राहतो. निघताना पाठवायच्या संदेशात इतकं लिहिणं मात्र चालेल : ‘जागेविषयी जे वाटलं ते लोकेशनमध्ये नोंदवा, एकूण रेटिंग पूर्ण मुक्कामाचं असतं.’ किती स्टार द्यावेत, ते लिहू नका.

जाहीर उत्तराला एअरबीएनबीवर रिव्ह्यू प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस मिळतात. पाहुण्याचं आडनाव, फोन, ओळखपत्राचा तपशील त्यात येऊ देऊ नका. मजकूर साधारण असा : ‘घर आवडलं, आभार. अंतर गाडीने १० मिनिटं, पायी सुमारे ३० मिनिटं आहे; लिस्टिंगमध्ये आता तसं स्पष्ट केलं आहे. रस्त्यावरून रात्री ट्रक जातात, हेही नमूद केलं आहे. या घरात चोरी झालेली नाही. या वाक्याबाबत आम्ही मंचाकडे तक्रार नोंदवली आहे.’ चोरीबद्दलची शेवटची दोन वाक्यं शेजाऱ्यांकडून खात्री झाल्यावरच टाका.

लिस्टिंगमध्ये प्रत्येक अंतर फाटकापासून रस्त्याने मोजून मीटर किंवा किलोमीटरमध्ये द्या, शेजारी पायी आणि गाडीने लागणारा वेळ. ट्रकचा आवाज कोणत्या खोलीत, किती ते किती वाजेपर्यंत, हे वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींतच हवं. ‘आणखी वाचा’खाली दडलेलं कुणी वाचत नाही. पोहोचण्याच्या रस्त्याचा एक फोटो दिवसाचा आणि एक रात्रीचा टाका. बुकिंग पक्कं होताच तेच तीन मुद्दे संदेशातून पाठवून पाहुण्याचं ‘हो, वाचलं’ मिळवा. पुढे कुणी ‘आम्हाला सांगितलं नव्हतं’ म्हणाला, तर मंचाकडे जोडायला तोच संदेश लागेल.