कपाटातली पिशवी आणि तीन रात्रींची सहल

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेची तीन रात्रींची सहल सहा आठवड्यांवर आली आहे. आठवड्यातून एक-दोनदा रात्री त्याचे अंथरूण ओले होते आणि हे घराबाहेर कोणालाही ठाऊक नाही. सहलीला जायचेच नाही असे तो ठामपणे सांगतो. पण परवा आवराआवर करताना त्याच्या कपाटात एक पिशवी सापडली. तिच्यात टॉर्च, मोज्यांचे दोन जोड आणि सहलीच्या कार्यक्रमाचा नीट घडी घातलेला कागद होता. ताप आल्याचे शाळेला कळवून त्याला घरीच ठेवावे असे मला वाटते. पाठवलेच, तर ‘करमले नाही तर मी रात्रीसुद्धा घ्यायला येईन’ असे त्याला सांगून ठेवले आहे. माझे काही चुकते आहे का?
– एक आई

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्याला जायचे नसते तो मुलगा कार्यक्रमाचा कागद जपून ठेवत नाही. त्याला जायचे आहे, फक्त सकाळी सगळ्यांच्या देखत ओल्या पांघरुणातून उठावे लागेल या भीतीने त्याने आधीच माघार घेतली आहे. तुम्ही तापाचे कारण पुढे केलेत, तर आपली अडचण इतकी लाजिरवाणी आहे की आईलाही तिच्यासाठी खोटे बोलावे लागते, एवढेच त्याच्या मनात पक्के होईल. म्हणून ते कृपया करू नका.

पहिली गोष्ट त्याच्याशी बोलण्याची. पिशवी सापडल्याचे लपवू नका, मात्र उलटतपासणीही नको. शेजारी बसून सांगा, की तुला जावेसे वाटत असेल तर रात्रीची काळजी आपण दोघे मिळून मिटवू. मग हेही सांगा, की सात वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पाच ते दहा जणांचे अंथरूण ओले होते, त्यामुळे त्याच्याच शाळेत हे गुपित सांभाळणारा आणखी कोणीतरी असण्याची बरीच शक्यता आहे. हा आळस नाही आणि हट्टही नाही. झोपेत मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूला जाग आणत नाही, काही मुलांच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही आणि ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यातच असते. तुम्हाला किंवा त्याच्या वडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर तेवढे एक वाक्य त्याला सांगाच. माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

सहा आठवडे हातात आहेत, तेव्हा याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. मध्ये सहा महिने कोरडे जाऊन हा त्रास नव्याने सुरू झाला असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील, फार तहान लागत असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर सहल असो वा नसो, तपासणी टाळू नका. बद्धकोष्ठतेबद्दलही विचारा, कारण तुंबलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो. अंथरूण ओले होताच वाजणाऱ्या अलार्मचा उपचार चांगला आहे, पण त्याला दोन-तीन महिने लागू शकतात. सहलीसारख्या थोड्या दिवसांसाठी डॉक्टर डेस्मोप्रेसिन नावाची गोळी सुचवू शकतात. ती दिली, तर घरी आधी काही रात्री वापरून पाहा. गोळीच्या तासभर आधीपासून पुढे आठ तास पाणी अगदी बेताने प्यावे लागते, नाहीतर शरीरातले सोडियम धोकादायक रीतीने उतरू शकते. उलट्या-जुलाब होत असतील त्या दिवशी ती देत नाहीत. हे सारे सोबतच्या शिक्षिकेला लिहून द्यावे लागेल.

शिक्षिकेला सांगावे लागेलच, पण तुमच्या मुलाच्या परवानगीने, आणि कोणाला सांगायचे ते त्यालाच निवडू द्या. वर्गासमोर चर्चा नको, सर्वांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्मवर ठळक शेराही नको. तिला एकटीला भेटा. मुक्कामी सहलींना नेहमी जाणाऱ्या शिक्षिकेला हे नवे नसते. तिच्याकडून दोन गोष्टी ठरवून घ्या. एक, ती झोपायला जाण्यापूर्वी त्याला हळूच उठवून स्वच्छतागृहात पाठवील. याने त्रास बरा होत नाही, पण ती रात्र कोरडी जाण्याची शक्यता वाढते. दुसरी, सकाळी काही झालेच, तर त्याने फक्त ठरलेला एक शब्द उच्चारायचा आणि पुढचे तिने पाहायचे. त्याची जागा दाराजवळ असावी. रात्री प्रभारी कोण असते, मुले कोठे झोपतात, मोठी माणसे कोठे झोपतात, हेही निःसंकोच विचारा. हा प्रत्येक पालकाचा हक्क आहे आणि चांगल्या शाळेला त्याचा राग येत नाही.

पिशवी त्यालाच भरू द्या. स्लीपिंग बॅगच्या आत गडद रंगाची जास्तीची चादर, एकसारखे दिसणारे दोन पायजमे, ओले कपडे ठेवायला तोंड घट्ट बंद होणारी अपारदर्शक पिशवी. रात्री घालायची शोषक पँट हवी असेल, तर ती स्लीपिंग बॅगच्या तळाशी आधीच ठेवावी, म्हणजे आत शिरल्यावर ती अंधारात चढवता येते आणि सकाळी तशीच आत काढून ठेवता येते. घरी दिवे मालवून याचा तीन-चार वेळा सराव करा. त्यानंतर एक रात्र आजी-आजोबांकडे किंवा विश्वासातल्या नातलगांकडे त्याला एकट्याला राहू द्या.

आता तुमच्या वचनाविषयी. रात्रीसुद्धा घ्यायला येईन, हे तुम्ही मायेने म्हणालात, पण मुलाला त्यातून ऐकू येते ते असे, की तुला हे जमणार नाही असे आईलाही वाटते. माझ्या मुलीच्या पहिल्या मुक्कामी सहलीच्या वेळी मीही हेच बोलले होते आणि ती तिन्ही दिवस फाटकाकडे बघत बसली. घराची आठवण येणारच. निजताना आणि रिकाम्या वेळात ती अधिक येते. त्या वेळी काय करायचे ते आधी ठरवा : शिक्षिकेला सांगायचे, मित्राशी बोलायचे, टॉर्चच्या उजेडात दोन ओळी लिहायच्या. खरोखर आजारी पडलास तर शाळा मला बोलावील आणि मी येईन, एवढेच सांगून आधीचे वचन मागे घ्या.

एवढे सगळे करूनही तो नको म्हणाला, तर त्याचे ऐका आणि शाळेला खरे तेच कळवा : या वर्षी तो येत नाही. उपचार न करताही दर वर्षी अशा शंभरातल्या सुमारे पंधरा मुलांचा त्रास आपोआप थांबतो. पुढच्या सहलीपर्यंत त्याचेही कदाचित तसे होईल. आणि तो गेला, तर परतल्यावर रात्री कशा गेल्या हे विचारू नका. ओल्या कपड्यांची पिशवी रिकामी असो वा भरलेली, काही न बोलता धुण्यात टाका आणि टॉर्च कोठे कोठे वापरला ते त्याच्याकडून ऐका.